समांतर रचना आणि उपवाक्यं: इंग्रजी वाक्यदुरुस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा परीक्षेच्या वर्गात फळ्यावर ‘पॅरलेलिझम’ (समांतर रचना) आणि ‘क्लॉज’ (उपवाक्य) हे शब्द लिहिले की मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू होते. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. इंग्रजी वाक्यं इथं देवनागरीत दिली आहेत. वाचताना ती वहीत रोमन लिपीत उतरवून घ्या, तेवढाच हात बसेल.

समांतर रचना म्हणजे नेमकं काय?

‘अँड’, ‘ऑर’, ‘बट’ अशा शब्दांनी जोडलेल्या गोष्टी एकाच जातीच्या असाव्यात, एवढंच. नामाला नाम, आयएनजीला आयएनजी, टूला टू आणि अख्ख्या उपवाक्याला अख्खं उपवाक्य. ‘शी लाइक्स स्विमिंग, रनिंग अँड टू सायकल’ या वाक्यात पहिल्या दोघांच्या पंगतीला तिसरा टू घेऊन बसलाय. ‘स्विमिंग, रनिंग अँड सायकलिंग’ केलं की काम झालं.

नियम पाठ आहे, तरी पेपरात चूक दिसत नाही. असं का होतं?

कारण तुमचा कान मराठी आहे आणि इथं तो दगा देतो. वरचंच चुकीचं वाक्य मनात मराठीत आणून बघा: ‘तिला पोहणं, धावणं आणि सायकल चालवणं आवडतं.’ कुठं खटकलं? खटकणारच नाही. ‘स्विमिंग’चंही पोहणं होतं आणि ‘टू स्विम’चंही पोहणंच होतं. दोन वेगळ्या इंग्रजी रूपांना आपल्याकडे एकच ‘-णं’ आहे, त्यामुळे डोक्यात भाषांतर होता होताच चूक दुरुस्त होऊन जाते आणि तुम्ही ‘चूक नाही’वर खूण करून पुढे जाता.

दुसरा दगा आपल्या ‘-ऊन’चा. ‘सकाळी उठून, आंघोळ करून, डबा घेऊन तो कामावर गेला.’ मराठीत काळ दाखवणारं क्रियापद शेवटचं एकच. बाकीची ‘-ऊन’ लावून त्याच्यापुढे ओळीनं उभी. इंग्रजी अशा वेळी सगळ्यांना सारखाच मान देतं: ‘ही गॉट अप, टुक अ बाथ, पिक्ड अप हिज टिफिन अँड वेंट टू वर्क.’ चारही क्रियापदं भूतकाळात. आपली मुलं लिहितात ‘गेटिंग अप, टेकिंग अ बाथ, पिक्ड अप हिज टिफिन अँड वेंट’, म्हणजे अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी. पर्यायातही नेमकं असंच वाक्य ठेवलेलं असतं.

म्हणून या प्रश्नांत ‘सर, वाचायला बरं वाटतंय’ हे कारण मी ऐकून घेत नाही. शब्दावर बोट ठेवा आणि त्याची जात सांगा.

मग सुरुवात कुठून करायची?

‘अँड’ किंवा ‘ऑर’ला गोल करा आणि त्याच्या लगेच उजवीकडचा शब्द बघा. डावीकडे वाक्य लांब असतं, मध्ये चार फाटे फुटलेले असतात. उजवीकडे शेवटचा एकच घटक असतो, त्याचं रूप पटकन कळतं. ते मनात धरून डावीकडे त्याचा जोडीदार शोधत जा.

एक वाक्य घेऊ: ‘द कमिटी रेकमेंडेड रिड्यूसिंग द फी, द एक्स्टेन्शन ऑफ द डेडलाइन अँड टू होल्ड अ सेकंड एक्झाम.’ वर्गातली एक मुलगी अशा वाक्यात प्रत्येक घटकाच्या डोक्यावर पेन्सिलीनं बारीक अक्षर लिहायची. आयएनजी असेल तर ‘आ’, नाम असेल तर ‘ना’, टू असेल तर ‘टू’. या वाक्यावर तिच्या वहीत ‘आ, ना, टू’ अशी तीन अक्षरं पडली होती आणि खाली मोठं प्रश्नचिन्ह. ‘रेकमेंड’ला पुढे टूवालं क्रियापद चालत नाही, म्हणून टू बाद. आयएनजी धरून तिनं केलं: ‘रिड्यूसिंग द फी, एक्स्टेंडिंग द डेडलाइन अँड होल्डिंग अ सेकंड एक्झाम.’ आता वर ‘आ, आ, आ’. मी तिच्याकडून ही युक्ती उचलली आणि तेव्हापासून सगळ्यांना शिकवतोय.

एक पथ्य पाळा. पेपरात वाक्याच्या ज्या भागाला पर्याय दिलेले असतात, त्याच्याखाली रेघ असते. वाक्यातल्या ज्या भागाखाली रेघ मारलेली नाही, तो भाग म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तो बदलता येत नाही. रेघेबाहेर आयएनजी असेल तर आतही आयएनजीच हवं, भले तुम्हाला टू कितीही आवडो.

यादीत ‘टू’, ‘इन’, ‘ऑफ’ दर वेळी लावायचे की एकदाच?

दोन्ही चालतं, धरसोड चालत नाही. एक तर पहिल्याला लावून सोडून द्या, नाही तर प्रत्येकाला लावा. ‘ही डिसायडेड टू रीड, राइट अँड रेस्ट’ बरोबर. ‘टू रीड, टू राइट अँड टू रेस्ट’ हेही बरोबर. ‘टू रीड, टू राइट अँड रेस्ट’ मात्र चूक.

यात एक गंमत आहे. ‘पुणे, नाशिक आणि नागपूरमध्ये पाऊस झाला’ म्हणताना आपण ‘मध्ये’ शेवटच्या गावाला लावतो आणि ते तिन्ही गावांना पुरतं. इंग्रजीत ‘इन’ पहिल्या गावाला लागतं आणि तेवढंच पुरतं: ‘इट रेन्ड इन पुणे, नाशिक अँड नागपूर.’ आरशातल्यासारखं उलट. शेवटच्या नावाजवळ काहीतरी लावायची आपली सवय इंग्रजीत शिरते आणि ‘इन पुणे, नाशिक अँड इन नागपूर’ असं लिहिलं जातं.

दोन घटकांना वेगवेगळी शब्दयोगी अव्ययं लागत असतील तर एकही गाळू नका. ‘सीनियर अँड ओल्डर दॅन मी’ चूक, कारण ‘सीनियर’ला ‘टू’ लागतं: ‘सीनियर टू अँड ओल्डर दॅन मी.’ तसंच ‘ॲज गुड, इफ नॉट बेटर दॅन’ चूक आणि ‘ॲज गुड ॲज, इफ नॉट बेटर दॅन’ बरोबर. ही दोन वाक्यं इतक्या वेळा पेपरांत फिरून आली आहेत की मला तर ती आता घरच्या माणसांसारखी वाटतात.

यादीत तीन गोष्टी दिसतात, पण तरी उत्तर चुकतं. का?

कारण ती यादी तिनाची नसतेच. ‘द कॉलेज हॅज अ लायब्ररी, अ कँटीन अँड रन्स अ हॉस्टेल.’ अँडच्या उजवीकडे ‘रन्स’, म्हणजे क्रियापद. डावीकडे त्याचा जोडीदार ‘हॅज’. मग ‘लायब्ररी’ आणि ‘कँटीन’ या दोघांना जोडणारं अँड कुठंय? नाही. बरोबर वाक्य: ‘द कॉलेज हॅज अ लायब्ररी अँड अ कँटीन अँड रन्स अ हॉस्टेल.’ दोन अँड बघून मुलं बिचकतात. बिचकू नका, पहिलं अँड नामांचं आहे आणि दुसरं क्रियापदांचं. गंमत म्हणजे हे मराठीतही करकरतं: ‘कॉलेजला ग्रंथालय, कँटीन आणि वसतिगृह चालवतं’ असं कुणी म्हणेल का? इथं तुमचा कान कामाला येतो.

‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’ कुठं ठेवायचं, काही युक्ती आहे का?

आहे, आणि ती मराठीतूनच येते. ‘त्याचं पाकीटच नव्हे, तर फोनही हरवला.’ इथं ‘च’ पाकिटाला चिकटलाय आणि ‘ही’ फोनला. मराठी माणूस ‘त्याचं पाकीट हरवलंच नव्हे, तर फोनही’ असं झोपेतही म्हणणार नाही. मग इंग्रजीत ‘च’च्या शब्दाआधी ‘नॉट ओन्ली’ आणि ‘ही’च्या शब्दाआधी ‘बट ऑल्सो’ ठेवा: ‘ही लॉस्ट नॉट ओन्ली हिज वॉलेट बट ऑल्सो हिज फोन.’ पेपरात येणारं चुकीचं वाक्य असतं ‘ही नॉट ओन्ली लॉस्ट हिज वॉलेट बट ऑल्सो हिज फोन’. तिथं पहिल्या बाजूला क्रियापद आहे आणि दुसऱ्या बाजूला नाम.

‘आयदर… ऑर’, ‘नायदर… नॉर’, ‘बोथ… अँड’, ‘व्हेदर… ऑर’ या सगळ्यांना हाच न्याय. जोडीच्या पहिल्या शब्दानंतर जे येईल तेच दुसऱ्या शब्दानंतर यायला हवं. जोड्या मोडून फसवणारे प्रश्नही असतात: ‘बोथ’बरोबर ‘ॲज वेल ॲज’, ‘बिट्वीन’बरोबर ‘टू’, ‘नो सूनर’बरोबर ‘व्हेन’, ‘हार्डली’बरोबर ‘दॅन’. चारही चूक. ‘नो सूनर’ला ‘दॅन’ आणि ‘हार्डली’ला ‘व्हेन’ हवा. हे पाठच करायचं, त्यात समजून घेण्यासारखं काही नाही.

क्लॉज आणि फ्रेज यात फरक काय?

उपवाक्याला स्वतःचा कर्ता असतो आणि काळ दाखवणारं क्रियापद असतं. दोन्ही असतील तर क्लॉज, नाही तर फ्रेज. ‘बिफोर द रेन’ फ्रेज, ‘बिफोर द रेन स्टार्टेड’ क्लॉज. एमपीएससीसाठी मराठी व्याकरण केलेल्यांना हे अवघड जायला नको. केवल, मिश्र आणि संयुक्त वाक्य तुम्ही शिकलाच आहात. प्रधानत्वबोधक उभयान्वयी अव्यय म्हणजे अँड-बट-ऑर आणि गौणत्वबोधक म्हणजे बिकॉज-ऑल्दो-इफ-दॅट.

बँकेच्या परीक्षांत हा फरक एका ठराविक वेशात येतो. ‘डिस्पाइट’पुढे फ्रेज, ‘ऑल्दो’पुढे क्लॉज. ‘बिकॉज ऑफ’पुढे फ्रेज, ‘बिकॉज’पुढे क्लॉज. ‘ड्युरिंग’पुढे फ्रेज, ‘व्हाइल’पुढे बहुधा क्लॉज. ‘डिस्पाइट ही वॉज इल’ दिसलं की पुढचं वाचायचीही गरज नाही.

‘ऑल्दो’ लावल्यावर ‘बट’ का चालत नाही? मराठीत तर दोन्ही लागतात.

लागतात ना! जरी–तरी, जर–तर, जेव्हा–तेव्हा, जो–तो. आपल्याकडे नुसतं ‘जरी पाऊस होता’ म्हटलं की ऐकणारा ‘तरी’ची वाट बघत बसतो. इंग्रजीला दोन उपवाक्यांमध्ये एकच खिळा पुरतो. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी प्लेड’ मधला ‘बट’ म्हणजे आपलं ‘तरी’. ‘ॲज ही वॉज इल, सो ही डिड नॉट कम’ मधला ‘सो’ म्हणजे आपलं ‘म्हणून’. आणि ‘द बॉय हू केम येस्टरडे, ही इज माय कझिन’ मधला ‘ही’ म्हणजे ‘जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ’ यातला ‘तो’. तिन्ही ठिकाणी दुसरा शब्द उडवा.

दोन सवलती आहेत. ‘इफ’बरोबर ‘देन’ आलं तर चूक धरत नाहीत. आणि ‘दो’बरोबर ‘येट’ ही जोडी आपल्याकडच्या परीक्षांत बरोबर मानतात. ‘बट’ला मात्र कुठंच माफी नाही.

वाक्य चार ओळींचं असलं की मुख्य क्रियापद सापडत नाही. काय करू?

तुमच्या शाळेच्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला संविधानाची उद्देशिका छापलेली असायची. तिचा इंग्रजी मजकूर समोर घ्या. यासारखा दुसरा नमुना मला सापडलेला नाही. अख्खी उद्देशिका हे एकच वाक्य आहे.

कर्ता पहिल्याच ओळीत: ‘वी, द पीपल ऑफ इंडिया.’ क्रियापद कोणतं, असं विचारलं की निम्मा वर्ग ‘हॅविंग सॉलेम्नली रिझॉल्व्ड’वर बोट ठेवतो. ते नव्हे. आयएनजी एकट्यानं वाक्याचं मुख्य क्रियापद होऊ शकत नाही. खरं क्रियापद पार तळाशी आहे, २६ नोव्हेंबर १९४९ या तारखेच्याही नंतर: ‘डू हिअरबाय अडॉप्ट, एनॅक्ट अँड गिव्ह टू अवरसेल्व्ज धिस कॉन्स्टिट्यूशन.’ अडॉप्ट, एनॅक्ट, गिव्ह. तीन साधी क्रियापदं, तिघांना मिळून एक ‘डू’. मधला सगळा मजकूर झाकला तरी वाक्य उभं राहतं: ‘वी डू हिअरबाय अडॉप्ट धिस कॉन्स्टिट्यूशन.’ लांब वाक्यात हेच करायचं. कर्ता धरा, मधलं हातानं झाका आणि त्याला शोभणारं क्रियापद शोधा. सापडलंच नाही, तर ते वाक्यच नाही, तुकडा आहे. ‘द मॅन हू लिव्ह्ज नेक्स्ट डोअर अँड हू वर्क्स इन अ बँक’ हा असाच तुकडा. त्या माणसाचं पुढे काय झालं?

आता उद्देशिकेच्या पोटात शिरा. ‘लिबर्टी ऑफ थॉट, एक्स्प्रेशन, बिलीफ, फेथ अँड वर्शिप’ यात ‘ऑफ’ एकदाच. लगेच पुढे ‘इक्वॉलिटी ऑफ स्टेटस अँड ऑफ अपॉर्च्युनिटी’ यात ‘ऑफ’ दोनदा. मघाशी सांगितलेल्या दोन्ही रीती शेजारीशेजारी, आणि दोन्ही बरोबर. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं ‘युनिटी ऑफ द नेशन’चं ‘युनिटी अँड इंटेग्रिटी ऑफ द नेशन’ केलं. तिथंही नामाशेजारी नामच बसलं, रचनेला धक्का लागला नाही.

एक जागा मात्र अशी आहे की आजच्या एखाद्या काटेकोर प्रश्नकर्त्यानं तिथं नक्की रेघ मारली असती. ‘टू सिक्युअर’नंतर जस्टिस, लिबर्टी, इक्वॉलिटी अशी नामं ओळीनं येतात आणि त्याच ओळीत अर्धविरामानंतर एकदम ‘अँड टू प्रमोट… फ्रॅटर्निटी’. नामांच्या रांगेत टू कुठून आलं? ते या रांगेतलं नाहीच. ते वर जाऊन ‘टू कॉन्स्टिट्यूट’ आणि ‘टू सिक्युअर’ यांना मिळतं: घडवण्याचा, मिळवून देण्याचा आणि वाढवण्याचा संकल्प. अँडच्या उजवीकडे ‘टू’ बघून डावीकडे टू शोधत गेलात, तर हे आपोआप सापडतं.

आणि मराठी उद्देशिकेचा शेवट आठवा: ‘अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण’. इंग्रजीत बरोबरीनं बसलेल्या तीन क्रियापदांपैकी दोन मराठीत ‘करून’मध्ये गेली आणि शेवटचं एकच उरलं. मघाशी ‘-ऊन’बद्दल बोललो ते हेच.

‘दॅट’ दोनदा लिहिणं म्हणजे पुनरुक्ती नाही का?

नाही. कधी कधी दुसरा ‘दॅट’ काढला की अर्थच पालटतो. ही दोन वाक्यं बघा:

‘द रिपोर्ट सेड दॅट सेल्स हॅड फॉलन अँड दॅट द चेअरमन हॅड रिझाइन्ड.’

‘द रिपोर्ट सेड दॅट सेल्स हॅड फॉलन, अँड द चेअरमन रिझाइन्ड.’

पहिल्यात राजीनाम्याची बातमी अहवालानंच दिलीय. दुसऱ्यात अहवाल फक्त विक्री घटल्याचं सांगतो. अध्यक्षांनी राजीनामा दिला हे लिहिणारा स्वतःच्या तोंडानं सांगतोय. दोन्ही वाक्यं व्याकरणात बसतात. कोणतं निवडायचं ते मूळ अर्थावरून ठरतं, म्हणून नुसतं रूप जुळवून थांबू नका. ‘हू… अँड हू’, ‘व्हिच… अँड व्हिच’ यांचंही तसंच. मात्र आधी ‘व्हिच’ नसताना मध्येच ‘अँड व्हिच’ आलं तर तो पर्याय बेलाशक खोडा.

तुलनेच्या वाक्यात समांतर रचना कुठून आली?

‘दॅन’ हा तराजूचा काटा समजा. दोन्ही पारड्यांत एकाच जातीची वस्तू हवी. ‘द पॉप्युलेशन ऑफ मुंबई इज लार्जर दॅन पुणे’ या वाक्यात एका पारड्यात लोकसंख्या आणि दुसऱ्यात आख्खं शहर. ‘दॅन दॅट ऑफ पुणे’ हवं. अनेकवचन असेल तर ‘दोज ऑफ’: ‘द रोड्स ऑफ पुणे आर नॅरोअर दॅन दोज ऑफ नागपूर.’ आपण ‘मुंबईची लोकसंख्या पुण्यापेक्षा जास्त’ असं बिनदिक्कत म्हणतो आणि ऐकणाऱ्याला कळतंही, त्यामुळे इथं पुन्हा कान गप्प बसतो. ‘लाइक’ आणि ‘अनलाइक’नं सुरू होणाऱ्या वाक्यांतही दोन्ही पारडी तपासा.

‘वॉकिंग अलाँग द रोड, अ डॉग बिट हिम’ यात काय चुकलं?

कुत्रा रस्त्यानं फिरायला निघालाय! इंग्रजीत सुरुवातीच्या आयएनजीचा कर्ता स्वल्पविरामानंतरचा पहिला शब्द असतो. मराठीत ‘रस्त्यानं जाताना त्याला कुत्रा चावला’ अगदी सरळ आहे, कारण ‘-ताना’ला कोण जात होतं ते संदर्भानं चालतं. दुरुस्ती दोन प्रकारे होते: ‘व्हाइल ही वॉज वॉकिंग अलाँग द रोड, अ डॉग बिट हिम’, म्हणजे फ्रेजचा क्लॉज केला; किंवा ‘वॉकिंग अलाँग द रोड, ही वॉज बिटन बाय अ डॉग’, म्हणजे कर्ता जागेवर आणला.

यादीच्या शेवटी आयएनजी दिसलं की ते चूकच का?

घाई करू नका. ‘द रिव्हर रोज, ब्रोक इट्स बँक्स अँड फ्लडेड द फील्ड्स, डिस्ट्रॉइंग द क्रॉप.’ रोज, ब्रोक, फ्लडेड ही यादी अँडपाशी संपली. ‘डिस्ट्रॉइंग’च्या मागे अँड नाही, स्वल्पविराम आहे; ते यादीतलं नाही, त्यानं पुराचा परिणाम सांगितलाय. वाक्य बरोबर. याच जागी ‘अँड डिस्ट्रॉइंग’ असतं तर चूक. एका अँडचा फरक.

‘वन ऑफ द स्टुडंट्स हू’ नंतर ‘हॅज’ की ‘हॅव’?

‘हू’ कुणाला चिकटलाय ते बघा. ‘ही इज वन ऑफ द स्टुडंट्स हू हॅव पास्ड’: पास झालेले पुष्कळ, त्यातला हा एक. ‘ही इज द ओन्ली वन ऑफ द स्टुडंट्स हू हॅज पास्ड’: पास झालेला हा एकटाच.

‘नो इम्प्रूव्हमेंट’ हा पर्याय कधी निवडायचा?

अँड, जोडी, तुलना, मुख्य क्रियापद आणि सुरुवातीचं आयएनजी, या पाच जागांवर बोट ठेवून झालं आणि काही सापडलं नाही, की बिनधास्त निवडा. काही मुलांना वाटतं, प्रश्न आहे म्हणजे चूक असलीच पाहिजे. असं काही नाही. उलट बरोबर वाक्याला उगाच कुरतडून गुण घालवणारेच जास्त भेटतात.

एखादा पर्याय खोडता आला पण उत्तर कळलं नाही, तर सोडू की मारू?

हिशेब करा. एसएससी (कर्मचारी निवड आयोग) सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात बरोबरला २ गुण आणि चुकीला ०.५० वजा, पर्याय चार. डोळे मिटून मारलं तरी सरासरी ०.१२५ पदरात पडतात. एक पर्याय खोडला की सरासरी ०.३३ च्या आसपास जाते. बँकभरतीच्या आयबीपीएसमध्ये चुकीला पाव गुण जातो. पाच पर्याय असतील तर आंधळेपणानं मारून सरासरी शून्य. दोन खोडले तर सुमारे ०.१७. महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत गुण वजा होत नाहीत, तिथं प्रश्न सोडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. समांतर रचनेचा खरा फायदा इथं आहे. अर्थ पुरता कळला नाही तरी अँडच्या दोन्ही बाजू बघून एकदोन पर्याय उडवता येतात.

जीमॅटची (परदेशी एमबीएच्या प्रवेशपरीक्षेची) जुनी पुस्तकं वापरू का? तिथं हे प्रश्न अजून येतात का?

जीमॅटमध्ये आता येत नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये फोकस आवृत्ती सुरू झाली, तिच्यात वाक्यदुरुस्ती नाही. जुनी परीक्षा ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाली. कॅटमध्येही व्याकरणाचा थेट प्रश्न गेली कित्येक वर्षं दिसत नाही. पण एसएससी, बँका आणि सैन्यदलातल्या अधिकारी भरतीची सीडीएस यांच्यासाठी हे सगळं जिवंत आहे. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या सॅट या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेतही व्याकरणाचे प्रश्न असतात, तिथं मात्र भर उपवाक्यं कुठं तुटतात आणि कोणत्या विरामचिन्हानं जुळतात यावर जास्त असतो.

जुनी जीमॅटची पुस्तकं रद्दीत घालू नका. त्यांतल्या वाक्यांत अर्थाचा आणि रचनेचा जो पीळ असतो, तो आपल्याकडच्या पेपरांत क्वचितच भेटतो. आठवड्याला दहा वाक्यं पुरे. त्यातली ‘व्हिच’चा संबंध जवळच्या नामाशी लावण्याबद्दलची कडक शिस्त एसएससीला लागत नाही, ती सोडून द्या.

सराव कसा करू?

इंग्रजी वर्तमानपत्रातला अग्रलेख घ्या, रोज एकच. पेन्सिलीनं सगळ्या ‘अँड’ना गोल करा आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना बाण काढून जोडीदार दाखवा. पहिल्या दिवशी अर्धा तास जाईल आणि बाण एकमेकांत गुंततील. पंधरा दिवसांनी दहा मिनिटं लागतात. आणि कधीतरी असंही होईल की एखाद्या अँडचा बाण डावीकडे जाऊन कुठंच टेकणार नाही. तेव्हा स्वतःवर शंका घेऊ नका. अग्रलेख लिहिणाराही चुकतो; ते वाक्य कापून वहीत चिकटवा, मी वर्गात वापरीन.